लोकवर्गणीतून माहितीपट : पाळीव प्राण्यांच्या तयार खाद्याची तपासणी पडद्यावर कशी येते

कुत्र्याच्या तयार खाद्याच्या पाकिटावर बहुतेक वेळा ‘संपूर्ण आणि संतुलित’ असे छापलेले असते. ते वाचून घरातली माणसे निर्धास्त होतात आणि तो कुत्रा तेच दाणे सकाळ-संध्याकाळ दहा-बारा वर्षे खातो. तान्ह्या बाळाची दुधाची पावडर सोडली, तर माणसाच्या कोणत्याही एका पदार्थाविषयी इतका मोठा दावा सहसा कोणी करत नाही. हा दावा कशाच्या बळावर केला जातो, तो कोण तपासते, आणि ही तपासणी पडद्यावर आणायचे एखाद्या दिग्दर्शकाने ठरवले तर त्याला पैसे कोण देणार? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गेल्या दीड दशकात बदलले आहे. प्राणी पाळणारी माणसेच थोडे थोडे पैसे घालून असा माहितीपट उभा करू शकतात. या पद्धतीला क्राउडफंडिंग म्हणतात. जुना मराठी शब्द लोकवर्गणी.

पैसा कुठे अडतो

माहितीपटाला पैसा साधारणपणे दूरचित्रवाहिनीकडून, एखाद्या धर्मादाय संस्थेकडून किंवा विषयाशी संबंधित उद्योगाकडून मिळतो. इथे उद्योगाचा मार्ग आपोआप बंद होतो, कारण ज्याची तपासणी करायची त्याच्याच पैशावर ती केली तर प्रेक्षक तिच्यावर विश्वास ठेवणार नाहीत. खासगी वाहिन्या जाहिरातींवर चालतात आणि पेट फूड कंपन्या मोठ्या जाहिरातदार आहेत. धर्मादाय संस्था माणसांचे आरोग्य, मानवी हक्क, पर्यावरण यांना आधी हात देतात. कुत्र्या-मांजरांच्या आहाराचा क्रम बराच खाली लागतो.

त्यात हा उद्योग मोजक्या हातांत आहे. नेस्ले कंपनीने २००१ मध्ये रॅल्स्टन प्युरिना सुमारे १,०३० कोटी डॉलरना विकत घेतली. पेडिग्री, व्हिस्कास आणि रॉयल कॅनिन ही तिन्ही नावे मार्स कंपनीची आहेत, तर हिल्स ही कोलगेट-पामोलिव्हची. मार्सने २०१७ मध्ये अमेरिकेतल्या व्हीसीए या पशुदवाखान्यांच्या साखळीसाठी सुमारे ९१० कोटी डॉलर मोजले. म्हणजे खाद्य बनवणारा आणि दवाखाना चालवणारा मालक काही ठिकाणी एकच झाला. तिथले डॉक्टर रुग्णाच्या हिताविरुद्ध सल्ला देतात असा याचा अर्थ मुळीच नाही. पण स्वतंत्र प्रश्न विचारणाऱ्याला उभे राहायला जागा कमी उरते, हे खरे.

उद्योगाच्या पैशातून झालेले संशोधन सरसकट टाकाऊ समजणेही चुकीचे ठरेल. प्युरिनाने ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर १४ वर्षे एक अभ्यास केला. प्रत्येक जोडीतल्या एका कुत्र्याला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य दिले जाई. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कमी खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे होते. कुत्रा काय खातो याइतकेच तो किती खातो हेही महत्त्वाचे आहे, हे दाखवणारा हा भक्कम पुरावा आहे. १४ वर्षे चालणारा असा अभ्यास वर्गणीतून होणे जवळपास अशक्य. प्रामाणिक माहितीपटाने त्याला जागा द्यायलाच हवी.

दाणा तयार कसा होतो

कुत्र्यांसाठी कारखान्यात बनवलेले पहिले प्रसिद्ध खाद्य म्हणजे जेम्स स्प्रॅटची बिस्किटे. हा मूळचा अमेरिकेतल्या ओहायोचा. १८६० च्या सुमारास त्याने लंडनमध्ये गहू, भाज्या आणि मांस यांची बिस्किटे विकायला सुरुवात केली. विसाव्या शतकात डबाबंद मांस आले. दुसऱ्या महायुद्धात पत्र्याची टंचाई झाली आणि डबे मागे पडून कोरडे खाद्य पुढे आले. १९५० च्या दशकात एक्स्ट्रूडर नावाचे यंत्र या धंद्यात शिरले आणि आज ओळखीचा असलेला फुगीर दाणा जन्माला आला.

चकलीच्या सोऱ्यात पीठ भरून दांडा फिरवला की ताटलीच्या छिद्राच्या आकाराची चकली बाहेर पडते. एक्स्ट्रूडर हा वाफ आणि दाब वापरणारा, न थांबता चालणारा प्रचंड सोऱ्याच आहे. धान्याचे किंवा डाळीचे पीठ, मांसाची भुकटी, चरबी आणि पाणी यांचे मिश्रण त्यात शंभर अंशांच्या वर शिजते, छिद्रातून दाबाने बाहेर पडते, बाहेर येताच फुगते आणि पात्याने कापले जाते. मग दाणे सुकवून त्यांतले पाणी दहा टक्क्यांच्या आसपास आणतात. शेवटी त्यांवर चरबी आणि चव आणणारा लेप फवारतात. कुत्र्याला पाकिटाची ओढ लागते ती मुख्यतः या लेपामुळे.

मांसाची भुकटी ‘रेंडरिंग’ या प्रक्रियेतून येते. खाटीकखान्यात माणसांच्या खाण्यासाठीचे मांस काढल्यावर उरलेले अवयव, हाडे आणि चरबी मोठ्या कढयांत शिजवतात. चरबी वेगळी करतात आणि उरलेला भाग वाळवून दळतात. यकृत, फुप्फुस, आतडी ही नावे ऐकून माणसाला कसेसेच वाटते, पण मांसाहारी प्राण्याला त्यांतून उत्तम पोषण मिळू शकते. काळजीची बाब वेगळी आहे. भुकटी झाल्यावर कच्चा माल कोणत्या दर्जाचा होता, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

यंत्राच्याही काही गरजा असतात. दाणा फुगायला आणि एकसंध राहायला पिष्टमय पदार्थ, म्हणजे स्टार्च लागतो. मांजरासारख्या पक्क्या मांसाहारी प्राण्याला तो आहारात आवश्यक नसतो, तरी सुक्या दाण्यात तो येतोच. उष्णतेने जंतू मरतात आणि पाकीट महिनोन्महिने टिकते, हा मोठा फायदा. त्याच उष्णतेने थायमिनसारखी जीवनसत्त्वे काही प्रमाणात नष्ट होतात, म्हणून जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचे तयार मिश्रण वरून घालावे लागते.

हे मिश्रण ठरवताना चूक झाली तर काय होते, ते १९८७ मध्ये दिसले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पियन आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की अनेक मांजरांचे हृदय मोठे आणि कमकुवत होण्यामागे टॉरिन या घटकाची कमतरता आहे. ती मांजरे प्रमाणित तयार खाद्यच खात होती. टॉरिन दिल्यावर अनेकांचे हृदय सुधारले. कंपन्यांनी टॉरिनचे प्रमाण वाढवले आणि मांजरांमधला हा आजार दुर्मीळ झाला. ‘संपूर्ण’ या शब्दाला तेवढाच अर्थ असतो, जेवढे त्या वेळच्या विज्ञानाला माहीत असते.

चौकट : अमेरिकी लेबलवरचे शब्द

अमेरिकेत खाद्याची मानके ‘आफ्को’ ही राज्यांच्या नियंत्रण-अधिकाऱ्यांची संघटना सुचवते आणि राज्ये ती कायद्यात आणतात. नुसते ‘चिकन डॉग फूड’ असे नाव असेल तर पाणी वगळता ९५ टक्के चिकन हवे. ‘चिकन डिनर’ असेल तर २५ टक्के पुरते. ‘विथ चिकन’ असेल तर ३ टक्के. ‘चिकन फ्लेवर’ला ठरावीक टक्केवारीच नाही, चव ओळखता आली की झाले. घटकांची यादी शिजवण्यापूर्वीच्या वजनानुसार असते. ताज्या चिकनमध्ये साधारण ७० टक्के पाणी असल्याने ते यादीत पहिले दिसते, पण पाणी गेल्यावर त्याचा वाटा बराच घटतो. प्रौढ कुत्र्यांसाठीच्या आहार-चाचणीत किमान ८ कुत्रे २६ आठवडे ते खाद्य खातात, त्यांतल्या ६ कुत्र्यांनी ती पूर्ण करावी लागते आणि वजनाबरोबर रक्तातल्या चार गोष्टी मोजल्या जातात.

२००७ : नायट्रोजनची फसवणूक

या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटाला ज्या घटनेकडे यावे लागते, ती १६ मार्च २००७ रोजी उघड झाली. कॅनडातल्या मेनू फूड्स कंपनीने त्या दिवशी सुमारे ६ कोटी डबे आणि पाऊच बाजारातून परत मागवले. अनेक नामांकित ब्रँडांचे डबे प्रत्यक्षात याच एका कंपनीच्या कारखान्यांत भरले जात. स्वस्त आणि महाग, वेगवेगळ्या नावांच्या डब्यांतला माल एकाच ठिकाणाहून येतो, हे ग्राहकांना तेव्हा कळले. कुत्री आणि मांजरे मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती.

त्या खाद्यात चीनमधून आणलेले गव्हाचे ग्लुटेन होते आणि त्यात मेलामाइन मिसळलेले होते. प्लास्टिक उद्योगात वापरले जाणारे हे रसायन खाद्यात घालण्याचे कारण प्रथिने मोजण्याच्या पद्धतीत होते. प्रयोगशाळा नेहमीच्या चाचणीत प्रथिने थेट मोजत नाही. ती नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणते, कारण प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो. मेलामाइनमध्ये मात्र वजनाच्या सुमारे दोन-तृतीयांश नायट्रोजन असतो. त्यामुळे एक ग्रॅम मेलामाइन चाचणीत चार ग्रॅमहून अधिक प्रथिने भासवते. हलका माल कागदावर भारी ठरतो. याच मालात सायन्युरिक आम्लही होते. दोन्ही एकत्र आल्यावर मूत्रपिंडात न विरघळणारे स्फटिक तयार झाले आणि नलिका तुंबल्या.

पुढच्याच वर्षी चीनमध्ये हीच युक्ती दुधाच्या पावडरीत झाल्याचे उघडकीस आले. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. प्राण्यांच्या खाद्यातली चूक म्हणजे किरकोळ प्रश्न, असे म्हणणाऱ्यांना हा क्रम दाखवून द्यावा लागतो. मॅरियन नेस्ले या पोषणतज्ज्ञ प्राध्यापिकेने (त्यांचा नेस्ले कंपनीशी संबंध नाही) या प्रकरणावर २००८ मध्ये ‘पेट फूड पॉलिटिक्स’ हे पुस्तक लिहिले.

वर्गणी जमते कशी

लोकांच्या पैशावर चित्रपट ही कल्पना इंटरनेटपेक्षा जुनी आहे. १९७६ चा ‘मंथन’ गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिल्यामुळे तयार झाला. दिग्दर्शक श्याम बेनेगल, पटकथा विजय तेंडुलकरांची, भूमिका स्मिता पाटीलची. तिथे शेतकऱ्यांना आधीपासून एकत्र बांधणारा सहकारी संघ होता, म्हणून दोन-दोन रुपये गोळा करणे परवडले. विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांकडून असे पैसे जमवायला मधला दुवा लागतो. २००८ मध्ये इंडिगोगो आणि २००९ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळांनी तो पुरवला.

किकस्टार्टरचा नियम कडक आहे. ठरलेल्या मुदतीत पूर्ण लक्ष्य गाठले तरच पैसे मिळतात, नाहीतर कोणाच्याही खात्यातून एक डॉलरही जात नाही. वरवर हे निर्दय वाटते, पण त्यामागे शहाणपण आहे. पन्नास हजार लागणाऱ्या माहितीपटाला आठ हजार मिळाले, तर ते खर्च होतील आणि चित्रपट कधीच पुरा होणार नाही. पहिल्या देणगीदाराला ही भीती नसते, म्हणून तो पुढे येतो. इंडिगोगोवर जमेल तेवढे घेण्याचाही पर्याय ठेवला गेला. ज्याचे चित्रीकरण झाले आहे आणि फक्त संकलनाचा खर्च उरला आहे, त्याला तो सोयीचा. तपास अजून सुरूच व्हायचा असेल तर पहिली पद्धत देणगीदारांशी जास्त प्रामाणिक ठरते.

वर्गणी देणारा सहसा भागीदार नसतो. त्याला नफ्यात वाटा मिळत नाही. श्रेयनामावलीत नाव, चित्रपटाची डिजिटल प्रत, क्वचित दिग्दर्शकाशी गप्पा, एवढेच मिळते. पैसे जमण्याचा वेगही सारखा नसतो. सुरुवातीच्या दिवसांत ओळखीचे लोक देतात, मध्ये मोठी ओसाडी येते आणि अखेरच्या दिवसांत पुन्हा भर येतो. लक्ष्याचा पाचवा हिस्सा ओलांडणाऱ्या बहुतेक मोहिमा तडीस जातात. अनोळखी माणूस रिकाम्या पेटीत पैसे टाकायला कचरतो, म्हणून सुरुवातीचा हा हिस्सा मोहीम जाहीर करण्यापूर्वीच तोंडी कबूल करून घेतलेला असावा.

छोटी रक्कमही दूर जाऊ शकते. २०१३ मध्ये लघु माहितीपटाचे ऑस्कर मिळवणाऱ्या ‘इनोसेन्टे’ला किकस्टार्टरवर सुमारे ५२ हजार डॉलर मिळाले होते. भारतात खुशबू रांका आणि विनय शुक्ला यांच्या ‘ॲन इन्सिग्निफिकंट मॅन’ या राजकीय माहितीपटाने २० हजार डॉलर मागितले आणि सुमारे १ लाख २० हजार मिळवले.

जमलेला पैसा जातो कुठे

समजा, ५० हजार डॉलर जमले. संकेतस्थळ ५ टक्के, म्हणजे अडीच हजार घेते. कार्डावरून पैसे वळते करण्याचे साधारण दीड हजार किंवा थोडे जास्त जातात. टी-शर्ट आणि डीव्हीडी कबूल केल्या असतील तर त्यांची छपाई आणि टपाल खर्चाचा अंदाज हमखास चुकतो. अमेरिकेत अनेक दिग्दर्शक एखाद्या नोंदणीकृत ना-नफा संस्थेच्या छत्राखाली देणग्या घेतात. संस्था थोडा हिस्सा ठेवते, हिशेबावर नजर ठेवते आणि देणगीदाराला करसवलत मिळते.

उरलेल्या पैशातून प्रवास, चित्रीकरण आणि संकलन करायचे. या विषयात आणखी दोन खर्च टाळता येत नाहीत. पहिला प्रयोगशाळेचा. कोणत्याही खाद्याविषयी विधान करायचे तर वेगवेगळ्या दुकानांतून, वेगवेगळ्या बॅचचे नमुने विकत घ्यावे लागतात. पाकिटे सीलबंद ठेवून, त्यांवरची नावे झाकून, सांकेतिक क्रमांक देऊन ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावी लागतात. संशयास्पद निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेकडून पडताळून घ्यावा लागतो. एका पाकिटाच्या एका चाचणीवर उभे केलेले दृश्य थरारक दिसते, पण त्याला आधार नसतो.

दुसरा खर्च वकिलाचा. ओप्रा विन्फ्रीच्या १९९६ मधल्या एका कार्यक्रमात गोमांसाविषयी झालेल्या चर्चेवरून टेक्ससच्या पशुव्यापाऱ्यांनी तिथल्या खाद्य-बदनामी कायद्याच्या आधारे दावा लावला. १९९८ मध्ये ज्युरीने तिच्या बाजूने कौल दिला, पण तिच्याकडे लढायला पैसा होता. स्वीडनच्या फ्रेडरिक गेर्टेनच्या ‘बनानाज!’ या माहितीपटावर डोल कंपनीने २००९ मध्ये बदनामीचा दावा केला आणि नंतर मागे घेतला. त्या काळात त्या लहानशा चित्रसंस्थेची काय अवस्था झाली, यावर त्याने पुढे वेगळा चित्रपटच केला. म्हणून पटकथेतल्या प्रत्येक विधानासमोर त्याचा पुरावा लिहिलेली प्रत वकिलाकडून तपासून घेतात. बदनामीच्या दाव्यापासून संरक्षण देणारा विमा नसेल तर वितरक चित्रपट हातात घेत नाहीत. वर्गणीचे आवाहन लिहिताना हा खर्च अनेकदा राहून जातो आणि चित्रपट तयार होऊनही डब्यात पडतो.

वर्गणीदारांची ओढ

लोकवर्गणीमुळे माहितीपट कंपन्यांच्या दबावातून सुटतो, पण एका वेगळ्या ओढीत सापडतो. या विषयाला पैसे देणाऱ्यांत ज्यांचा कुत्रा किंवा मांजर आजाराने गेले अशी माणसे पुष्कळ असतात. त्यांचे दुःख खरे असते. आजार खाद्यामुळेच झाला, अशी त्यांची खात्री झालेली असते. तपास त्यांच्या मनाविरुद्ध गेला तर? आवाहनात ‘विषारी खाद्याचा पर्दाफाश’ असे लिहून पैसे घेतले असतील, तर दिग्दर्शकाने निष्कर्ष आधीच विकलेला असतो.

अलीकडचे एक प्रकरण इथे उपयोगी आहे. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केले, की धान्यविरहित, वाटाणा-मसूर यांवर आधारलेले खाद्य खाणाऱ्या काही कुत्र्यांत हृदयविकार दिसत असून त्याचा तपास सुरू आहे. जून २०१९ मध्ये तक्रारींत वारंवार आलेल्या १६ ब्रँडांची नावे प्रसिद्ध झाली. हे खाद्य अनेकांनी ‘नैसर्गिक’ म्हणून, जास्त पैसे मोजून आणले होते. डिसेंबर २०२२ मध्ये प्रशासनाने सांगितले, की कार्यकारणसंबंध सिद्ध करायला हाती असलेली माहिती पुरेशी नाही, आणि अर्थपूर्ण नवी माहिती येईपर्यंत पुढची निवेदने थांबवली. चार वर्षांच्या तपासानंतरही खलनायक सापडला नाही. असा शेवट पडद्यावर ठेवायला धैर्य लागते.

कच्च्या मांसाच्या आहाराचेही तसेच. कोल हॅरिंग्टनच्या ‘पेट फूल्ड’ (२०१६) या माहितीपटात कारखान्यातल्या खाद्यावर टीका करताना कच्च्या आहाराची बाजू ठळकपणे मांडली आहे. प्रक्रिया केलेल्या खाद्यावर नाराज असलेल्यांना हा पर्याय जवळचा वाटतो. पण अमेरिकी प्रशासनाने २०१० ते २०१२ या काळात बाजारातल्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, तेव्हा १५ नमुन्यांत साल्मोनेला आणि ३२ नमुन्यांत लिस्टेरिया हे घातक जीवाणू सापडले. डिसेंबर २०२४ मध्ये ओरेगन राज्यात कच्चे टर्की-खाद्य खाल्लेले एक पाळीव मांजर बर्ड फ्लूने मेले आणि खाद्यात तोच विषाणू आढळला. कारखान्याच्या उष्णतेला दोष देताना ती कोणते काम करते, हेही दाखवावे लागते.

म्हणून चांगल्या आवाहनात उत्तराऐवजी प्रश्नासाठी पैसे मागितलेले असतात. कोणत्या चाचण्या होतील, नमुने कसे निवडले जातील आणि निकाल काहीही आला तरी तो पूर्ण प्रसिद्ध होईल, हे पहिल्याच दिवशी लिहून दिलेले असते. संपादनाचा अधिकार दिग्दर्शकाकडे राहतो आणि मोठ्या देणगीदारांची नावे उघड असतात. यात कच्चे खाद्य किंवा पूरक गोळ्या विकणाऱ्यांची नावे आणि त्यांनी दिलेल्या रकमाही आल्या. मोठ्या कंपनीचा पैसा नाकारून छोट्या प्रतिस्पर्ध्याचा गुपचूप घेतला, तर चित्रपट स्वतंत्र राहत नाही.

चित्रपट पूर्ण झाल्यावर

व्हार्टनचे प्राध्यापक ईथन मॉलिक यांनी किकस्टार्टरच्या मोहिमांचा अभ्यास केला. वस्तू देण्याचे कबूल करणाऱ्या प्रकल्पांपैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक प्रकल्पांना ठरलेली तारीख पाळता आली नव्हती. उशिरापेक्षा मौनाने माणसे जास्त दुखावतात, त्यामुळे दर महिन्याला हिशेब आणि प्रगती कळवणे हा कामाचाच भाग धरावा लागतो. वितरणातही एक पेच असतो. देणगीदारांना कबूल केलेली डिजिटल प्रत आणि वितरकाला हवा असलेला एकाधिकार यांचे जमत नाही, म्हणून ती प्रत प्रदर्शनानंतर किती दिवसांनी मिळेल हे आवाहनातच सांगून ठेवतात. पशुवैद्यकीय महाविद्यालयांत आणि प्राणिप्रेमींच्या गटांत खेळ लावून, पुढे पशुवैद्यांशी चर्चा ठेवली, तर चित्रपट पटलेल्यांच्या बाहेरही पोहोचतो.

कंपन्या आपल्या कृती वेळोवेळी बदलतात, पुरवठादार बदलतात, पण पाकिटावरचे नाव तेच ठेवतात. त्यामुळे चाचणी केलेल्या प्रत्येक नमुन्याचा बॅच क्रमांक आणि खरेदीची तारीख पडद्यावर दाखवणे, प्रयोगशाळेचे मूळ अहवाल सर्वांना पाहता येतील असे ठेवणे आणि कंपनीने दिलेले उत्तर त्यांच्याच शेजारी छापणे, ही कामे प्रदर्शनानंतरही चालू राहतात. त्यांचा खर्चही अंदाजपत्रकात धरलेला असावा लागतो.